जीवशास्त्राचं सॉफ्टवेअर: नीट बसवावं कसं, जपावं कसं

प्रयोगशाळेत अँटीबॉडीची नवी कुपी आली की आपण तिचा कॅटलॉग नंबर, लॉट नंबर आणि उघडल्याची तारीख वहीत उतरवतो. बफर केला तर पीएच लिहितो. पण त्याच प्रयोगाचा सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनए-आरएनए वाचून मिळालेला, डेटा हातात आला आणि लॅपटॉपवर विश्लेषण सुरू झालं की वही मिटते. कुठलं टूल, कुठलं व्हर्जन, कुठून उतरवलं, हे कुठेच नोंदलेलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी पाषाणला पीएचडी करणाऱ्या एका मुलीसोबत मी सलग तीन संध्याकाळी बसले होते. परीक्षकांनी तिच्या शोधनिबंधात एक जादा आकृती मागितली होती. मधल्या काळात जुना लॅपटॉप फॉरमॅट झालेला. नव्या लॅपटॉपवर सगळं पुन्हा बसवलं, तोच डेटा चालवला, आणि जनुकांच्या यादीतली सात नावं गायब. शोधता शोधता कळलं की जनुकांच्या खुणांची फाइल, म्हणजे जीटीएफ, या वेळी नव्या आवृत्तीची उतरवली होती आणि जुनीचा क्रमांक कुणाकडेच नव्हता. तिसऱ्या संध्याकाळी एका जुन्या ईमेलच्या जोडपत्रात तो सापडला. हा लेख त्या तीन संध्याकाळींमधून आला आहे.

पुण्यात गणेशखिंडपासून पाषाणपर्यंत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर, एनसीसीएस, विषाणू संस्था आहेत, अलीकडे आघारकर संस्था आहे, शिवाय कितीतरी महाविद्यालयांचे जैवतंत्रज्ञान विभाग. विद्यापीठातलं बायोइन्फॉर्मेटिक्स केंद्र १९८७ पासूनचं. इतकी परंपरा असूनही नव्या विद्यार्थ्याला हे काम अजून शेजारच्या टेबलावरूनच शिकावं लागतं. म्हणून मीही शेजारी बसून सांगावं तसंच लिहिते आहे. कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत टाइप करायच्या, हायफन आणि टिंबं जिथल्या तिथे ठेवून.

आधी यंत्र पाहा

काहीही उतरवण्यापूर्वी तीन गोष्टी बघा: रॅम किती, डिस्कवर मोकळी जागा किती, प्रोसेसर कुठल्या जातीचा. मानवी जीनोम सुमारे ३.१ अब्ज बेसेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा. त्यावर आरएनए सिक्वेन्सिंगचे तुकडे (रीड्स) जुळवायला ‘स्टार’ हे टूल वापरणार असाल तर ३० जीबीच्या आसपास रॅम एकट्या त्यालाच लागते. लॅपटॉप ८ जीबीचा असेल तर ते तिथे चालणार नाही, कितीही वेळा पुन्हा बसवलं तरी. अशा वेळी ‘हायसॅट२’ घ्या, त्याची भूक बरीच कमी आहे. मी असे विद्यार्थी पाहिले आहेत, ज्यांनी ‘किल्ड’ एवढा एकच शब्द स्क्रीनवर पाहून दहा दिवस सॉफ्टवेअर काढलं आणि घातलं. रॅम संपल्यावर लिनक्स असंच करतं, काम मारून टाकतं आणि फारसं बोलत नाही.

नव्या मॅकमध्ये ॲपलची स्वतःची चिप असते. बरीच टूल्स तिच्यासाठी तयार मिळतात, पण सगळी नाहीत. न मिळणाऱ्यांसाठी इंटेल मॅकचं एन्व्हायर्नमेंट (टूल्सची वेगळी खोली) करून रोझेटा या ॲपलच्या भाषांतर करणाऱ्या सोयीमार्फत चालवता येतं. ते जरा हळू चालतं, पण काम होतं.

विंडोजवर लिनक्स

जीवशास्त्रातली कमांडवर चालणारी बहुतेक टूल्स लिनक्ससाठी लिहिलेली आहेत, आणि पुढे ज्याच्यावर आपला सगळा भार राहणार आहे ते बायोकोंडा, जीवशास्त्राच्या टूल्सचं भांडार, विंडोजवर चालतच नाही. म्हणून विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय, घ्यावं. पॉवरशेल ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडा, ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ द्या, संगणक पुन्हा सुरू करा. उबुंटू, लिनक्सचाच एक प्रकार, येतं आणि नवं वापरकर्ता नाव व पासवर्ड मागतं. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, घाबरू नका.

इथे दोन गोष्टी मुद्दाम सांगते. एक, डेटा विंडोजच्या ‘सी’ ड्राइव्हवर ठेवून उबुंटूतून वाचू नका. त्या वाटेने फाइली वाचणं फार संथ होतं. डेटा उबुंटूच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये आणा, फरक लगेच जाणवेल. दोन, डब्ल्यूएसएल साधारणपणे संगणकाच्या निम्मीच रॅम वापरतं. १६ जीबीच्या यंत्रात उबुंटूला ८ दिसतात ते यामुळे. विंडोजच्या तुमच्या वापरकर्ता फोल्डरमध्ये ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ नावाची फाइल करून मर्यादा वाढवता येते. मग ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’ देऊन पुन्हा सुरू करायचं.

मिनीफोर्ज आणि दोन चॅनेल

आता मुख्य पाया. ‘कोंडा’ हा पॅकेज मॅनेजर आहे. तो टूल आणतो, त्याला लागणाऱ्या लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, आणतो, आणि हे सगळं तुमच्या होम फोल्डरमध्ये ठेवतो, त्यामुळे ॲडमिनची परवानगी लागत नाही. कोंडा अनेक रूपांत मिळतो. मी सगळ्यांना मिनीफोर्ज घ्यायला सांगते. ॲनाकोंडा कंपनीच्या ‘डिफॉल्ट्स’ चॅनेलला, म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात त्या भांडाराला, २०२० पासून मोठ्या संस्थांसाठी पैसे भरून परवाना घेण्याची अट आली. मिनीफोर्ज ते चॅनेल वापरतच नाही. सगळं लोकसहभागातून चालणाऱ्या ‘कोंडा-फोर्ज’ या चॅनेलवरून येतं.

मिनीफोर्जचा इन्स्टॉलर उतरवा, ‘बॅश’ लिहून पुढे त्या फाइलचं नाव द्या, अटी मान्य करा, शेवटी सुरुवातीची जुळणी करू का असं विचारेल तिथे ‘येस’ म्हणा. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. ओळीच्या सुरुवातीला कंसात ‘बेस’ दिसलं की बसलं.

मग जीवशास्त्राचं चॅनेल जोडायचं. ‘कोंडा कॉन्फिग --ॲड चॅनेल्स बायोकोंडा’, त्यानंतर ‘कोंडा कॉन्फिग --ॲड चॅनेल्स कोंडा-फोर्ज’, आणि तिसरी ‘कोंडा कॉन्फिग --सेट चॅनेल_प्रायॉरिटी स्ट्रिक्ट’. क्रम बदलू नका. शेवटी जोडलेलं चॅनेल यादीत सर्वांत वर बसतं, आणि आपल्याला कोंडा-फोर्ज वर, बायोकोंडा त्याखाली असं हवं आहे. बायोकोंडातली टूल्स कोंडा-फोर्जच्या लायब्ऱ्यांवर बांधलेली असतात. क्रम उलटला तर टूल एकीकडचं आणि लायब्ररी दुसरीकडची असा मेळ बसतो, आणि तो कुठेतरी तुटतो. ‘कोंडा कॉन्फिग --शो चॅनेल्स’ देऊन एकदा डोळ्यांनी खात्री करा.

एका कामाला एक एन्व्हायर्नमेंट

‘बेस’मध्ये काहीही बसवू नका. अगदी एकच छोटं टूल असलं तरी नको. प्रत्येक प्रकल्पाला वेगळं एन्व्हायर्नमेंट करा. दोन टूल्सना एकाच लायब्ररीची वेगवेगळी व्हर्जन्स हवी असतात हे इथे रोजचं आहे. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तरी काही जुन्या टूल्सना तेच लागतं. अशा टूलला त्याची स्वतंत्र खोली द्यावी.

बहुतेक जण आधी टूल बसवतात आणि पुढे कधीतरी यादी काढतात. मी उलटं करायला लावते: आधी फाइल, मग एन्व्हायर्नमेंट. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट.वायएमएल’ ही साधी मजकुराची फाइल करा. वर नाव, खाली चॅनेल वरच्याच क्रमाने, त्याखाली टूल्सची यादी, प्रत्येकापुढे बरोबरचं चिन्ह आणि व्हर्जन. समजा फास्टक्यूसी, फास्टपी, बीडब्ल्यूए, सॅमटूल्स आणि मल्टीक्यूसी. मग ‘कोंडा ईएनव्ही क्रिएट -एफ एन्व्हायर्नमेंट.वायएमएल’. झालं की ‘कोंडा ॲक्टिव्हेट’ आणि पुढे नाव.

पुढे नवं टूल लागलं तर ते थेट बसवण्याचा मोह होतो. तेव्हाही आधी फाइलमध्ये ओळ घाला आणि ‘कोंडा ईएनव्ही अपडेट’ने आत घ्या. ही एक सवय लागली तर बाकी निम्मा लेख विसरलात तरी चालेल. ही फाइल तुमच्या स्क्रिप्टसोबत गिटमध्ये, म्हणजे फाइलींचे बदल नोंदवणाऱ्या टूलमध्ये, ठेवा. ती काही ओळींची असते, पण प्रबंधातलं ‘साहित्य आणि पद्धती’ हे प्रकरण लिहायला बसाल तेव्हा अर्धं तिथे तयार असतं.

शोधनिबंध पाठवण्याच्या दिवशी आणखी एक करा. ‘कोंडा लिस्ट --एक्स्प्लिसिट’ देऊन आलेली यादी तारखेच्या नावाने जपून ठेवा. तिच्यात प्रत्येक पॅकेजचा नेमका पत्ता आणि बिल्ड, म्हणजे ते नेमकं कुठल्या बांधणीचं, हेसुद्धा असतं. ती फक्त त्याच जातीच्या यंत्रावर चालते, लिनक्सची यादी मॅकवर नाही. म्हणून दोन्ही फाइली हव्यात.

बसवल्यावर लगेच तपासा

‘सॅमटूल्स --व्हर्जन’ देऊन उत्तर आलं म्हणजे टूल उघडतंय एवढंच कळलं. आता त्याला थोडं काम द्या. ई. कोलाय के-१२ चा जीनोम जेमतेम ४६ लाख बेसेसचा आहे, कुठल्याही लॅपटॉपवर काही सेकंदांत त्याचा इंडेक्स, म्हणजे शोधसूची, होतो. फास्टक्यू फाइलमध्ये एका रीडच्या चार ओळी असतात, म्हणून पहिल्या ४ लाख ओळी कापल्या की १ लाख रीड्सचा नमुना मिळतो. तो जुळवा, सॉर्ट करा, ‘सॅमटूल्स फ्लॅगस्टॅट’ (किती रीड्स जुळले ते मोजणारी कमांड) चालवा आणि आलेले आकडे वहीत लिहून ठेवा. पुढे यंत्र बदललं, काही अपडेट झालं, की हाच नमुना पुन्हा चालवायचा. आकडे जुळले नाहीत तर कारण सापडेपर्यंत खऱ्या डेटाला हात लावायचा नाही.

अडलं की

एक एरर मी इतक्यांदा पाहिली आहे की ती नीट उलगडून सांगते. सॅमटूल्स बसलं, चालवलं, आणि स्क्रीनवर आलं: ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबक्रिप्टो.एसओ.१.०.०’, पुढे ती फाइल उघडता येत नाही असं. अर्थ साधा आहे. हे सॅमटूल्स ओपनएसएसएलच्या १.० व्हर्जनशी जोडून बांधलं होतं, आणि तुमच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये त्याहून नवं व्हर्जन आलं आहे. इंटरनेटवर सल्ला मिळेल की नव्या लायब्ररीला जुन्या नावाचा दुवा जोडा. टूल चालूही लागेल. पण तुम्ही टूलला खोटं सांगितलेलं असतं, आणि ते पुढे कधी, कुठे अडेल ते कळणार नाही. खरा उपाय: चॅनेलचा क्रम तपासा, नवं एन्व्हायर्नमेंट करा, सॅमटूल्सचं अलीकडचं व्हर्जन नाव घेऊन मागा.

दुसरी अडचण याहून लपलेली. एन्व्हायर्नमेंट कोरं आहे, तरी पायथन भलत्याच व्हर्जनचं पॅकेज उचलतं. बहुधा कधीतरी पायथनच्या पिप या पॅकेज मॅनेजरने ‘पिप इन्स्टॉल --यूजर’ केलेलं असतं. ती पॅकेजं होममधल्या ‘.लोकल’ या लपलेल्या फोल्डरमध्ये जातात आणि त्याच व्हर्जनचं कुठलंही पायथन, कोंडातलंसुद्धा, तिथे डोकावतं. ‘पायथन -एम साइट’ देऊन ते कुठे कुठे शोधतंय ते पाहा. ‘पायथननोयूजरसाइट’ हा व्हेरिएबल १ केला की डोकावणं थांबतं. ‘सूडो पिप’ मात्र कधीच नको. ते उबुंटूच्या स्वतःच्या पायथनला इजा करतं.

कुठलीही एरर आली की शेवटची ओळ वाचून थांबू नका. वर सरकत पहिली एरर शोधा. खालच्या तीस ओळी बहुधा तिचेच पडसाद असतात. मदत मागताना स्क्रीनचा फोटो पाठवू नका, पूर्ण मजकूर पाठवा आणि सोबत टूलचं व्हर्जन द्या.

आर आणि बायोकंडक्टर

बायोकंडक्टर हे आर या संख्याशास्त्राच्या भाषेतल्या जीवशास्त्रीय पॅकेजांचं भांडार २००१ पासून चालू आहे. त्याची आवृत्ती वर्षातून दोनदा येते, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास, आणि प्रत्येक आवृत्ती आरच्या ठरावीक व्हर्जनशी बांधलेली असते. इथेच लोक अडकतात. जुन्या आरवर नवं डीईसेक२ (जनुकांच्या पातळीतले फरक शोधणारं पॅकेज) मागतात आणि ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. आधी आर अद्ययावत करा, मग ‘बायोकमॅनेजर’मार्फत पॅकेज घ्या. उबुंटूवर पॅकेज तिथल्या तिथे कंपाइल होतं, आणि ‘नॉन-झीरो एक्झिट स्टेटस’ आलं तर बहुतेकदा कर्ल, एक्सएमएल२ किंवा ओपनएसएसएल यांच्या ‘डेव्ह’ फाइली यंत्रावर नसतात. वर सरकून पाहिलं तर नेमकं नावही दिलेलं असतं.

प्रकल्पापुरती पॅकेजं बांधून ठेवायला ‘रेन्व्ह’ वापरा. ‘इनिट’, काम झाल्यावर ‘स्नॅपशॉट’, दुसऱ्या यंत्रावर ‘रिस्टोअर’. आर कोंडातून घेतलं असेल, तर पॅकेजंही कोंडातूनच घ्या, तिथे ती ‘बायोकंडक्टर-’ आणि ‘आर-’ अशा नावांनी मिळतात. दोन वाटांची सरमिसळ करू नका. आणि प्रत्येक विश्लेषणाच्या शेवटी ‘सेशनइन्फो’ची छापील प्रत निकालाच्या फोल्डरमध्ये ठेवा.

सामायिक यंत्रावर

पुणेकर संशोधकाला मोठ्या संगणकाचं वावडं नसावं. परम ८००० हा महासंगणक सी-डॅकने १९९१ मध्ये इथेच उभा केला, आणि राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतला परम ब्रह्म २०१९ पासून आयसरमध्ये आहे. क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या अनेक संगणकांच्या समूहावर, खातं मिळालं की आधी ‘मॉड्यूल ॲव्हेल’ द्या. हवं ते टूल तिथे आधीच असू शकतं. ‘मॉड्यूल लोड’ करताना व्हर्जनसकट नाव द्या, नाहीतर ॲडमिनने उद्या नवं बसवलं की तुमचं टूल तुमच्या नकळत बदलेल.

लॉगिन नोडवर जुळवणी चालवू नका. तो सगळ्यांचा दरवाजा आहे. काम स्लर्मसारख्या रांगेत ‘एसबॅच’ने द्या. स्लर्मकडे ८ कोअर मागितले तर टूललाही ८ च सांगा. सॅमटूल्समध्ये त्यासाठी ‘-@’ हे चिन्ह आहे, पण तिथे पहिल्याखेरीजचे जादा थ्रेड सांगायचे असतात, म्हणून ८ साठी ७ द्या. मागितले ८ आणि टूल चालतंय एकावर, असं झालं तर सात कोअर रिकामे बसतात आणि मागे रांगेत कुणीतरी ताटकळतं.

होम फोल्डरचा कोटा बहुधा छोटा असतो, आणि एका कोंडा एन्व्हायर्नमेंटमध्ये हजारो बारीक फाइली असतात. म्हणून ‘.कोंडाआरसी’मध्ये एन्व्हायर्नमेंट आणि पॅकेजची जागा मोठ्या डिस्कवर वळवून घ्या. कोटा भरल्यावर आलेली एरर क्वचितच कोटा भरला असं म्हणते. कंप्युट नोडला, म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं त्या संगणकाला, अनेक ठिकाणी इंटरनेट नसतं, त्यामुळे उतरवायचं ते आधीच उतरवा.

एखादं टूल कोणत्याही वाटेने बसेना, तर कंटेनर, म्हणजे टूल आणि त्याला लागणारं सगळं एकाच पेटीत. क्लस्टरवर डॉकर हा कंटेनर चालवणारा प्रोग्राम सहसा नसतो, कारण त्यातून वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे यंत्राच्या मालकाचे, अधिकार मिळू शकतात. तिथे ॲप्टेनर असतो, पूर्वीचं नाव सिंग्युलॅरिटी. बायोकोंडातल्या बहुतेक टूल्सचे तयार कंटेनर बायोकंटेनर्स प्रकल्पाकडे मिळतात. ‘ॲप्टेनर पुल’ केलं की एकच ‘.सिफ’ फाइल येते. नाव देताना व्हर्जन आणि बिल्डचा पूर्ण टॅग लिहा. आणि डेटा होमबाहेर असेल तर ‘--बाइंड’ देऊन तो फोल्डर आत दाखवा, नाहीतर फाइल समोर असूनही टूल ‘सापडत नाही’ म्हणेल.

ज्यांना माउसवर चालणारी टूल्स हवीत त्यांच्यासाठी थोडक्यात: फिजी (सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांसाठी) बसवावं लागत नाही, उलगडून आपल्या फोल्डरमध्ये ठेवा, ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये नको, नाहीतर अपडेट अडतात. आयजीव्ही (जुळलेले रीड्स डोळ्यांनी पाहण्यासाठी) जावासकट मिळतं तेच घ्या. आणि महाविद्यालयात संगणकच अपुरे असतील तर गॅलेक्सी या विश्लेषणाच्या जालसेवेचा सार्वजनिक सर्व्हर ब्राउझरमधून वापरता येतो.

संदर्भ फाइलींचीही नोंद

पाषाणच्या त्या मुलीचं घोडं इथेच अडलं होतं. जीनोम कुठला, २००९ चा जीआरसीएच३७ की २०१३ चा जीआरसीएच३८. जीटीएफ कुठल्या आवृत्तीची. दोन्ही एकाच ठिकाणाहून आणल्या का. यूसीएससी आणि एन्सेम्बल ही जीनोमची दोन भांडारं. यूसीएससीच्या फाइलीत गुणसूत्राचं नाव ‘सीएचआर१’ असतं, एन्सेम्बलच्या फाइलीत नुसतं ‘१’. दोन्ही मिसळल्या की सगळी जनुकं शून्य मोजली जातात, आणि टूल कधीकधी तक्रारही करत नाही. प्रत्येक संदर्भ फाइलीशेजारी एक छोटी टिपण फाइल ठेवा: पत्ता, आवृत्ती, उतरवल्याची तारीख, एमडी५ (फाइल जशीच्या तशी आहे का ते ताडायचा ठसा).

पुण्यात गुरुवार हा देखभालीसाठी वीज जाण्याचा वार. मोठी फाइल बुधवारी रात्री लावून सकाळी तुटलेली सापडणं आपल्याला नवीन नाही. ‘डब्ल्यूगेट -सी’ने उतरवा, तुटलं तिथून पुढे सुरू होतं. सर्व्हरवर काम असेल तर ते ‘टीमक्स’मध्ये चालवा, म्हणजे तुमच्या घरचं वायफाय गेलं तरी तिकडचं काम थांबत नाही. उतरल्यावर ‘एमडी५सम -सी’ने पडताळा. अर्धवट उतरलेली जीझिप फाइल शेवटपर्यंत वाचायला गेल्यावरच तुटते, म्हणजे काही तास चाललेल्या कामाच्या अखेरीला.

आवराआवर

महिन्यातून एकदा ‘कोंडा क्लीन --ऑल’ द्या. जुन्या पॅकेजांचे गठ्ठे जातात, कित्येकदा काही जीबी मोकळे होतात. वापरात नसलेली एन्व्हायर्नमेंट्स त्यांच्या फाइली गिटमध्ये आहेत याची खात्री करून काढा. डब्ल्यूएसएलची आभासी डिस्क वाढते तशी आपोआप आक्रसत नाही, तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवा. आणि प्रकल्प मध्यावर असताना टूलचं व्हर्जन बदलू नका. बदलावंच लागलं तर सगळे नमुने नव्याने चालवा, निम्मे जुन्यावर आणि निम्मे नव्यावर असं नको.

शोधनिबंध पाठवण्याआधी किमान दोन आठवडे प्रकल्पाचा फोल्डर शेजारच्या टेबलावरच्या मित्राला द्या. त्यात एन्व्हायर्नमेंटची फाइल, स्क्रिप्ट, संदर्भ फाइलींची टिपणं आणि १ लाख रीड्सचा तो नमुना एवढंच असावं. तुम्ही खुर्चीवरून उठू नका, तोंडी काही सांगू नका. तो कुठे अडतो ते बघा, तिथे तिथे फाइलीत ओळ घाला, आणि त्याचे फ्लॅगस्टॅटचे आकडे तुमच्या वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहा.